रोजची अ‍ॅस्पिरिन: जुनं संशोधन चुकलं होतं का?

हार्ट अटॅक येऊ नये म्हणून रोज अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी घेणारं कुणी ना कुणी तुमच्या ओळखीत असेलच. या सवयीला मोठं बळ मिळालं १९८९ मध्ये. अमेरिकेतल्या सुमारे २२ हजार पुरुष डॉक्टरांच्या अभ्यासात, दिवसाआड अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांमध्ये पहिल्या हार्ट अटॅकचं प्रमाण ४४ टक्क्यांनी कमी दिसलं.

मग २०१८ मध्ये ‘अ‍ॅस्प्री’ अभ्यासाचे निष्कर्ष आले. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतले १९ हजारांहून जास्त ज्येष्ठ, बहुतेक सत्तरी ओलांडलेले, आधी हृदयविकार नसलेले. त्यांना गोळीचा ठोस फायदा झाला नाही, गंभीर रक्तस्राव मात्र वाढला.

म्हणजे आधीचा अभ्यास खोटा होता? नाही, माणसं वेगळी होती. आणि काळही. मधल्या वर्षांत तिकडे सिगारेट ओढणं घटलं, स्टॅटिनच्या गोळ्या आल्या, बीपीवर चांगले उपचार मिळू लागले. मुळात धोकाच कमी झाला की गोळीचा फायदा आटतो. रक्तस्रावाची भीती तशीच राहते, वयानुसार वाढतेही. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञगटाने सांगितलं, की पहिला अटॅक टाळण्यासाठी साठीनंतर अ‍ॅस्पिरिन नव्याने सुरू करू नये.

पण ज्यांना अटॅक येऊन गेलाय किंवा स्टेंट बसवलाय, त्यांचं गणित वेगळं आहे. त्यांना ती आजही दिली जाते. त्यामुळे हे वाचून बाबांची गोळी परस्पर बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा.