नदीची वेस आणि खुद्री मासा

गगनबावड्याच्या माथ्यावर पडलेला पाऊस दोन वाटांनी जातो. पूर्वेकडे ओघळलेले पाणी कुंभीतून पंचगंगेला आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. पश्चिमेकडचे कोकणात उतरून अरबी समुद्र गाठते. माणसाला हा माथा ओलांडायला एसटी पुरते. गोड्या पाण्यातल्या माशाला मात्र तो सहसा ओलांडता येत नाही. दोन खोऱ्यांमधली अशी प्रत्येक उंच जमीन ही त्याच्या लेखी गावाची वेस असते.

या वेशींमुळेच एका पूर्वजाची लेकरे हजारो पिढ्यांत वेगळ्या जातींची होतात. मोठ्या खवल्यांच्या महसीर माशांचे तसेच झाले. कृष्णा-भीमेच्या खोऱ्यातला महसीर म्हणजे 'टॉर खुद्री'. विल्यम साइक्स यांनी 1839 साली पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून त्याचे वर्णन केले आणि इथल्या बोलीतलेच नाव शास्त्राला दिले. कावेरीत त्याचा चुलतभाऊ राहतो. पाठीला उंचवटा, पर केशरी, वजन पन्नास किलोंच्याही वर.

धरणे आणि बेसुमार मासेमारी यांनी महसीर कमी होऊ लागला, तेव्हा 1970च्या दशकात लोणावळ्याजवळ वळवण तलावावर टाटांच्या वीज कंपनीने त्याची पैदास सुरू केली. मादीचे पोट हलके दाबून अंडी काढायची, त्यांत नराचे वीर्य मिसळायचे आणि पिल्ले वाढवायची, अशी ही पद्धत. तिथल्या तज्ज्ञांनी महसीरांच्या वेगवेगळ्या जातींचा संकरही घडवून दाखवला. म्हणजे या भाऊबंदांना वेगळे ठेवण्यात वेशीचा वाटा मोठा होता.

लोणावळ्याची बोटुकली देशभर गेली, तशी कावेरीतही सोडली गेली. हेतू चांगलाच होता. पण तिथल्या गळकऱ्यांच्या 1998 ते 2012 या काळातल्या नोंदी तपासल्या, तेव्हा खुद्री वाढलेला आणि मूळचा महसीर ओसरत चाललेला दिसला. त्याची लहान पिल्ले तर जवळजवळ दिसेनाशी झाली होती. 2018 साली हा मासा 'टॉर रेमादेवी' असल्याचे स्पष्ट झाले आणि त्याच वर्षी त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत झाली.

संकर निसर्गातही होतो. उत्तर अमेरिकेच्या थंड नद्यांत हिमयुगानंतर बर्फ हटले आणि बुल ट्राउट व डॉली वार्डन हे दोन जवळचे मासे काही नद्यांत पुन्हा भेटले. त्यांचा संकर होतो, तरी दोन्ही जाती टिकून आहेत. कारण त्यांच्या आकारात, विणीच्या जागांत आणि सवयींत फरक आहे. ती भेट निसर्गाच्या गतीने झाली. आपण मात्र टाकीत भरलेले मासे एका दिवसात दुसऱ्या खोऱ्यात नेतो. मग अन्नासाठी आणि विणीच्या जागेसाठी स्पर्धा लागते, संकराची वाट उघडते, आणि आधीच थोड्या उरलेल्या जातीला सावरायला अवधी मिळत नाही.

म्हणून आपल्या राधानगरीच्या जलाशयात किंवा पंचगंगेत मत्स्यबीज सोडण्याचा कार्यक्रम असेल, तेव्हा किती लाख बोटुकली सोडली एवढेच विचारून थांबू नये. ते बीज कोणत्या नदीचे, हेही विचारावे.