विद्वत्सभा आणि हवापालट

गेल्या फाल्गुनांत आमच्या घरीं एक वाद उपस्थित झाला. आमचा धाकटा पुतण्या एका वैद्यकीय महाविद्यालयांत सार्वजनिक आरोग्याचा विषय शिकवितो. त्यास ऑस्ट्रियांतील गास्टाइन खोऱ्यांत भरणाऱ्या एका परिषदेंत निबंध वाचण्याचें निमंत्रण आलें. देवापुढें साखर ठेवली गेली, शेजारीं पेढे गेले. आणि दुसऱ्या दिवशीं जेवतांना त्यानें हळूच सांगितलें कीं, परिषद तीनच दिवसांची असली तरी आपण आणखी चार दिवस रजा काढून तेथेंच राहणार, कारण तें खोरें ऊन पाण्याच्या झऱ्यांसाठीं प्रसिद्ध आहे. आणि सूनबाईही बरोबर येणार. यावर आमच्या वडील बंधूंनीं हातांतला घांस तसाच ठेवून विचारलें, "अरे, तूं सभेला चालला आहेस कीं हवा खायला? एक काय तें ठरव."

पुतण्या कांहीं बोलला नाहीं. गेल्या वर्षापासून त्यास रक्तदाबाचा विकार जडला आहे व डॉक्टरांनीं विश्रांति घेण्याविषयीं त्यास दोनदां बजावलें आहे, हें बंधूंस ठाऊक नाहीं असें नाहीं. परंतु त्यांची सारी हयात हिशेब तपासण्यांत गेली. संस्थेच्या भाड्यानें जावयाचें आणि त्यांत आपली मौज मिसळावयाची, म्हणजे देवळांतल्या तेलानें घरचा दिवा लावण्यासारखें आहे, असें त्यांचें स्वच्छ मत पडलें. निवाड्याचें काम मात्र, आम्ही निवृत्त मास्तर म्हणून, आमच्या गळ्यांत येऊन पडलें.

निवाड्यापूर्वीं वाचावें ही आमची जुनी खोड आहे. आल्प्स पर्वतांतील आरोग्यस्थानें आणि तेथें भरलेल्या विद्वानांच्या सभा यांविषयीं जें हातीं लागलें तें आम्हीं महिनाभर वाचलें. हल्लीं बहुतेक सुशिक्षित घरांतून कोणी ना कोणी परिषदेस परदेशीं जातच असतें, तेव्हां त्यांतील कांहीं भाग वाचकांपुढें ठेवल्यास तो अगदींच अस्थानीं होणार नाहीं.

आमच्या बंधूंनीं विचारलेला प्रश्न जेथें थट्टेचा किंवा हिशेबाचा नव्हता, जिवाचा होता, असें एक गांव स्वित्झर्लंडांत आहे. त्याचें नांव दावोस. आज हें नांव वर्तमानपत्रांतून वाचनांत येतें तें १९७१ पासून तेथें भरत आलेल्या धनिकांच्या व मुत्सद्द्यांच्या सभेमुळें. पण समुद्रसपाटीपासून सुमारें १,५६० मीटर उंचीवरील हें गांव जगाला प्रथम माहीत झालें तें क्षयरोग्यांचें गांव म्हणून. १८४८-४९ च्या जर्मन क्रांतींतून परागंदा झालेला अलेक्झांडर श्पेंगलर नांवाचा तरुण १८५३ सालीं तेथें वैद्य म्हणून आला. या खोऱ्यांतील रहिवाशांस क्षय क्वचितच होतो असें त्याच्या नजरेस आलें. क्षयाच्या रोग्यास थंडी म्हणजे मृत्यु, असें त्या काळीं बहुतेक वैद्य मानीत. तरी १८६५ च्या ऐन हिंवाळ्यांत दोन जर्मन रोगी हिंमत धरून वर आले, आणि त्यांस गुण आला. मग उपाहारगृहें झालीं, आरोग्यभवनें झालीं, १८९० सालीं आगगाडी आली.

या रोगावर तेव्हां औषध असें नव्हतेंच. उपचार म्हणजे कोरडी हवा, ऊन, भरपूर अन्न आणि निजून राहणें. दक्षिणेकडे तोंड केलेल्या सज्ज्यांत, आरामखुर्चीवर, कांबळीं पांघरून रोग्यानें दररोज कित्येक तास स्वस्थ पडावयाचें. तोंडांत उष्णतामापक नळी, खिशांत थुंकण्याची निळी कांचेची बाटली. असे महिने जात, कित्येकांचीं वर्षें जात. जर्मन कादंबरीकार थॉमस मान १९१२ सालीं आपल्या आजारी पत्नीस भेटावयास तेथें गेले होते; त्या थोड्या दिवसांच्या मुक्कामांतून पुढें १९२४ सालीं त्यांची 'जादूचा पर्वत' या अर्थाच्या नांवाची प्रचंड कादंबरी निघाली. तिचा नायक तीन आठवड्यांसाठीं म्हणून वर जातो आणि सात वर्षें राहतो!

आतां अशा सज्ज्यांत पडलेल्यांपैकीं पुष्कळ जण विशीबाविशीचे विद्यार्थी असत, हें ध्यानांत घ्यावें. विश्रांति त्यांना इतकी मिळत होती कीं तिनेंच ते खचत. पुस्तक मिटलेलें, बरोबरीचे पदवी घेऊन पुढें गेलेले, आणि आपण मात्र बर्फाकडे पाहत पडलेले. यांच्यासाठीं १९२८ च्या मार्च महिन्यांत दावोसला विद्यापीठीय व्याख्यानांचें सत्र सुरू करण्यांत आलें. निरनिराळ्या देशांतील अध्यापक वर येत, व्याख्यानें देत, चर्चा करीत आणि मधल्या वेळांत पर्वताची हवा घेत. महायुद्धानें दुरावलेल्या जर्मन व फ्रेंच पंडितांनीं एका छपराखालीं बसावें, हाही हेतु होता. म्हणजे येथें सभेला हवापालटाची पुस्ती जोडलेली नव्हती. हवेसाठीं अडकून पडलेल्यांकडे सभा आपल्या पायांनीं चालत आली होती. हा फरक आम्हांस मोठा वाटतो.

पहिल्या सत्राचें उद्घाटन आइन्स्टाइन यांनीं केलें. भौतिकशास्त्राच्या मूलकल्पनांवर ते बोललेच. पण आरंभीं त्यांनीं रोगी विद्यार्थ्यांविषयीं जें सांगितलें तें आम्हांस अधिक मोलाचें वाटतें. तरुण माणसास दीर्घकाळ कामापासून दूर ठेवलें म्हणजे त्याचा स्वतःवरील विश्वास ढळतो. आणि बेताचें बौद्धिक काम प्रकृतीस बाधक होत नाहीं, बेताच्या अंगमेहनतीप्रमाणें तें उपकारकच होतें, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. एका सायंकाळीं त्यांनीं व्हायोलिनही वाजविलें. आणि गंमत पाहावी, त्याच वसंतांत, जवळच्याच एंगाडीन खोऱ्यांतील त्सुओत्स गांवीं बर्फांतून जड पेटी स्वतः उचलून नेतांना ते कोसळले! हृदय वाढल्याचें निघालें आणि पुढें कित्येक महिने त्यांना अंथरुणांत काढावे लागले. 'बेताचें' हा शब्द इतरांस सांगणें सोपें असतें.

दुसरें सत्र १९२९ च्या मार्च-एप्रिलांत झालें. तत्त्वज्ञानाच्या इतिहासांत तें गाजलें आहे. हांबुर्गचे अर्न्स्ट कासिरेर आणि फ्रायबुर्गचे मार्टिन हायडेगर यांचा कांटच्या तत्त्वज्ञानावर तेथें वाद झाला. मनुष्य म्हणजे काय, त्याची बुद्धि त्याच्या मर्यादेपलीकडे जाऊं शकते कीं मर्यादा हेंच त्याचें स्वरूप आहे, असा तो वाद. कासिरेर पन्नाशी उलटलेले, बहुश्रुत, सौम्य वाणीचे. हायडेगर चाळिशीच्या आंतले, धारदार बोलणारे, दोन व्याख्यानांच्या मध्यें बर्फावरून घसरत जाण्याचा खेळ खेळून यावयाचे आणि संध्याकाळीं त्याच खेळाच्या पोशाखांत, नटूनथटून बसलेल्या मंडळींत येऊन बसावयाचे. आमच्या बंधूंनीं त्यांना पाहिलें असतें तर काय म्हटलें असतें, याची आम्हांस पुरती कल्पना आहे.

या प्रसंगांतील एक लहानशी गोष्ट कासिरेर यांच्या पत्नीनें पुढें लिहून ठेवली आहे. सत्र चालू असतां कासिरेर तापानें अंथरुणास खिळले आणि त्यांस प्रतिपक्ष्याचीं व्याख्यानें ऐकतां येईनात. तेव्हां हायडेगर त्यांच्या खोलींत जाऊन, आपण काय बोललों तें त्यांस स्वतः सांगत. पूर्वपक्ष समजल्यावांचून उत्तरपक्ष करूं नये हा आपल्या शास्त्र्यांचा दंडक. तो आल्प्सच्या एका हॉटेलांत, रोग्याच्या उशाशीं असा पाळला गेला, हें वाचून आम्ही खरोखर सद्गदित झालों.

पण गोष्ट येथें संपत नाहीं, आणि संपविली तर ती अर्धी सांगितल्याचें पाप लागेल. शेवटच्या दिवसांत विद्यार्थ्यांनीं दोघां गुरूंची नक्कल केली. इमान्युएल लेव्हिनास नांवाच्या विद्यार्थ्यानें केसांना पांढरें फांसून कासिरेर यांचें सोंग आणलें, व सारे हंसले. चारच वर्षांनीं, १९३३ सालीं, कासिरेर यांना ते यहुदी म्हणून जर्मनी सोडावी लागली. इंग्लंड, स्वीडन, अमेरिका असें फिरत १९४५ सालीं न्यूयॉर्क येथें त्यांचा अंत झाला. हायडेगर त्याच १९३३ सालीं फ्रायबुर्ग विद्यापीठाचे प्रमुख झाले आणि नाझी पक्षांत शिरले. लेव्हिनास स्वतः यहुदी. पुढें तो मोठा तत्त्वज्ञ झाला, पण त्या सोंगाचा पश्चात्ताप त्यास जन्मभर राहिला. सत्रें १९३१ नंतर बंद पडलीं. स्वित्झर्लंडांतील नाझींचा पुढारी ग्युस्टलॉफ याच दावोसांत राहत होता, आणि १९३६ सालीं तेथेंच एका यहुदी विद्यार्थ्याच्या गोळीनें मारला गेला. स्वच्छ हवेनें फुप्फुसें सुधारतात, एवढेंच काय तें आम्हीं यावरून घेतलें.

दावोसच्या सज्ज्यांचें पुढें काय झालें? १९४३ सालीं स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, त्यामागून इतर औषधें आलीं, आणि रोग्यांवांचून रित्या झालेल्या आरोग्यभवनांचीं हॉटेलें झालीं. ज्या सज्ज्यांत तरुण मुलें मृत्यूशीं झगडत पडत, तेथें आतां परिषदेचे प्रतिनिधि कॉफी पितात. यांत वाईट वाटण्यासारखें कांहीं नाहीं. रोग हटला म्हणूनच सज्जा मोकळा झाला.

आमचा स्वतःचा अनुभव येथें सांगितला पाहिजे. तरुणपणीं एका थंड हवेच्या ठिकाणीं भरलेल्या शिक्षकपरिषदेस आम्ही गेलों होतों. तीन दिवस सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मंडपांत बसून होतों. एकही कडा पाहिला नाहीं, कारण पाहणें म्हणजे शाळेची फसवणूक, अशी आमची समजूत. त्या तीन दिवसांतील एका भाषणाचेंही एक वाक्य आज आम्हांस आठवत नाहीं. आठवतें तें इतकेंच कीं, परतीच्या दिवशीं मोटारीला उशीर असल्यामुळें एका वृद्ध शास्त्रीबोवांबरोबर आम्ही पाऊणएक तास लाल वाटेनें फिरलों, आणि णिच् प्रत्ययाविषयींची सहा वर्षें छळीत असलेली आमची एक शंका त्यांनीं चालतां चालतां फेडली. पुढें तीस वर्षें तो भाग शिकवितांना आम्हांस त्या वाटेवरच्या मातीचा वास येत असे.

या वाटेवरच्या पाऊण तासाची किंमत ओळखून आंखलेल्या सभाही आल्प्समध्यें आहेत. १९६६ पासून भौतिकशास्त्रज्ञांचे 'मोरियों'चे मेळावे भरत आले आहेत. जां त्रान थान व्हान या मूळच्या व्हिएतनामी शास्त्रज्ञानें ते सुरू केले. त्यांत सकाळीं एक बैठक, संध्याकाळीं दुसरी, आणि मधला बराच वेळ बर्फावर खेळण्यास मोकळा, असा क्रम असतो. थोर आणि नवशिके तेथें एकाच उतारावर सारखेच आपटतात. भीड मोडण्यास याहून चांगला उपाय आम्हांस तरी ठाऊक नाहीं.

आतां पुतण्याच्या गास्टाइनकडे वळतों. बाड गास्टाइन हें गांव सुमारें १,००० मीटर उंचीवर असून गांवाच्या मधोमध मोठा धबधबा कोसळतो. झऱ्यांचें पाणी ४४ ते ४७ अंश सेल्सियस ऊन. १९०४ च्या सुमारास व्हिएन्नाचे हाइनरिख माखे यांनीं या पाण्यांतील रेडियमजन्य वायु, म्हणजे रेडॉन, मोजला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत सोन्यासाठीं खणलेल्या तेथील एका बोगद्यांत सोनें बेताचेंच निघालें, पण आंत ऊन दमट हवा लागली. खाणकाम्यांचे सांधे त्या हवेंत हलके होऊं लागल्याचें दिसून आलें, आणि आतां रोगी आगगाडींत बसून त्या बोगद्यांत जातात. संधिवाताच्या रोग्यांस तेथें आराम वाटतो खरा. परंतु रेडॉन हा किरणोत्सर्गी वायु आहे, घरांत सांचून वर्षानुवर्षें श्वासावाटे गेल्यास फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढवितो, म्हणून तेथील स्नान वैद्याच्या तपासणीनंतर व मोजूनमापून करावयाचें असतें. गर्भवती स्त्रियांनीं तर तें टाळावेंच. शिवाय तेथील जुन्या पद्धतीचा पुरा उपचार तीन आठवड्यांचा. चार दिवसांत विश्रांति मिळेल, रोग जाणार नाहीं, हें आम्हीं पुतण्यास स्पष्ट सांगितलें. बाष्पस्नानाच्या कोठड्यांतून वस्त्राविषयींचे त्या लोकांचे नियम आपल्या उलट आहेत, हेंही सूनबाईंच्या कानांवर घालण्यास आम्हीं आमच्या घरांतून सुचविलें.

कामकाज आणि स्नान यांची सांगड या खोऱ्यास नवी नाहीं. १८६५ सालीं प्रशिया व ऑस्ट्रिया यांच्यामधील श्लेस्विग-होल्स्टाइनच्या वांटणीचा करार येथेंच झाला. वर्षभरांत तीं दोन राज्यें एकमेकांशीं लढलीं ही गोष्ट निराळी. १९३७ च्या अखेरीस सुभाषबाबू प्रकृतीसाठीं बाड गास्टाइनला राहिले, आणि त्याच मुक्कामांत थोड्या दिवसांत त्यांनीं आत्मचरित्राचीं दहा प्रकरणें लिहून काढलीं. लगेच पुढच्या फेब्रुवारींत ते हरिपुरा काँग्रेसचे अध्यक्ष होते. शेजारच्या बाड होफगास्टाइन येथें १९९८ पासून युरोपांतील आरोग्यविषयक धोरणांची मोठी परिषद भरूं लागली.

हें सर्व आम्हीं एका रविवारीं बंधूंपुढें मांडलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें व म्हणाले, "मास्तर, तुझे सुभाषबाबू आणि आइन्स्टाइन राहूं देत. भाड्याचें काय तें बोल." आम्ही निरुत्तर झालों. तोंच आंतून वहिनींचा आवाज आला, "अहो, डेहराडूनला हिशेबतपासणीला गेलां होतां तेव्हां बद्रीनारायण करून आलां ना? तप्तकुंडांतली ती बुडी कोणत्या खात्यांत मांडली होती?"

बंधू ताडकन् म्हणाले, "ते दिवस माझ्या स्वतःच्या रजेचे होते, आणि डेहराडूनपासून पुढचा पैन् पै खर्च माझ्या खिशांतला!"

"मग बाबा, मीही तेंच म्हणत होतों," पुतण्या म्हणाला. "विमानाचें भाडें चार दिवस आधीं आलों काय आणि मागाहून आलों काय, सारखेंच आहे, शंका नको म्हणून तें मीं संस्थेस लेखी विचारून घेतलें आहे. हिचें तिकीट आणि ते चार दिवस आमचे आम्ही सोसणार."

बंधू कांहीं वेळ गप्प बसले. मग उठून त्यांनीं कपाटांतून एक कोरी वही काढली, पट्टीनें पानाच्या मधोमध तांबडी रेघ ओढली, डावीकडे 'सभा' व उजवीकडे 'स्नान' असें आपल्या वळणदार अक्षरांत लिहिलें, आणि ती सूनबाईंच्या हातीं देत म्हणाले, "हिशेब तूं ठेव. त्याच्यानें राहायचा नाहीं."