दादरचा नकाशा आणि पालिका

1896 च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेगचे पहिले रोगी सापडले आणि दोन वर्षांत मुंबईची नवी आखणी करायला एक स्वतंत्र संस्था उभी राहिली, बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. दाट वस्तीतून रुंद रस्ते काढून हवा खेळती करायची, हा तिचा एक उद्योग. त्यातून प्रिन्सेस स्ट्रीट झाला, सँडहर्स्ट रोड झाला आणि वाटेत आलेल्या असंख्य गरिबांची बिऱ्हाडं उठली. त्यांची सोय बरीचशी कागदावरच राहिली. ट्रस्टचं कौतुक करताना हे विसरून चालणार नाही.

दादर-माटुंग्याला मात्र ट्रस्टला मोकळी जमीन मिळाली. तिथे आधी रस्ते, गटारं आणि बागांच्या जागा आखल्या गेल्या. घरं मागाहून आली. पारशी कॉलनी वसवताना मंचरजी जोशी या अभियंत्याने इमारतींची उंची मोजकी राहावी आणि रस्त्यागणिक झाडं लागावीत याचा आग्रह धरला. फाइव्ह गार्डन्सभोवती आजही उन्हात चालता येतं, ते त्या आग्रहामुळे. या भागाचं जे रूप आपण जपायला निघालो आहोत, ते मुळात नागरी सेवेचं रूप आहे. रस्त्याची रुंदी, दोन इमारतींमधलं अंतर, मैदान आणि सावली यांनीच ते घडवलं. 1933 मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला आणि हा सगळा वारसा पालिकेच्या पदरात पडला.

शिवाजी पार्कची हकीकत याच्याशी जुळणारी. पालिकेने 1925 मध्ये हे मैदान लोकांसाठी खुलं केलं, तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. 1927 मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याला शिवाजी महाराजांचं नाव मिळालं. गांधीजींचं मराठी चरित्र 1918 मध्येच लिहिणाऱ्या या बाईंनी पालिकेत बसून शहराला जे दिलं, त्याची आठवण फार थोडे ठेवतात. सुमारे 28 एकरांच्या या मैदानावर पुढे क्रिकेटच्या पिढ्या घडल्या, संयुक्त महाराष्ट्राच्या सभा गाजल्या आणि भोवतीचा कट्टा म्हाताऱ्यांपासून कॉलेजातल्या पोरांपर्यंत सगळ्यांचा झाला. तिथे बसायला कुणाला पैसे पडत नाहीत.

मग इमारती म्हाताऱ्या झाल्या. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी 1940 च्या पातळीला बांधून ठेवली. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूंना त्या आधाराची गरज होतीच. पण दशकांमागून दशकं तोच आकडा राहिला, तेव्हा मालकाने जिन्याची फळी बदलणंही सोडून दिलं. 1969 मध्ये दुरुस्ती मंडळ आलं, उपकर आला, टेकू लागले. गच्ची गळतच राहिली. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 33(7) या कलमाने उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासाला वाढीव चटई क्षेत्र देऊ केलं आणि घर नवं होण्याची वाट बिल्डरच्या दारातून जाऊ लागली.

एप्रिल 1995 मध्ये मुंबईला वारसा नियम लागू झाले. देशात असे नियम करणारं हे पहिलं शहर, आणि त्यासाठी झटलेल्या मंडळींचा मला मनापासून आदर वाटतो. त्या नियमांत मालकाला बुडालेल्या बांधकामहक्काच्या बदल्यात टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागी वापरता येणारा विकास हक्क, होता. चाळीतल्या किंवा जुन्या ब्लॉकमधल्या भाडेकरूला छत दुरुस्त करायला मात्र काहीच नव्हतं.

ही उणीव 2012 मध्ये उघडी पडली. वारसा यादी वाढवण्याचा प्रस्ताव आला आणि त्यात शिवाजी पार्कचा परिसरही होता. ज्यांचं या वस्तीवर सर्वांत जास्त प्रेम, तेच रहिवासी विरोधात उभे राहिले. त्यांना स्वार्थी म्हणणं सोपं होतं आणि काहींनी ते म्हटलंही. मला ते अन्यायाचं वाटतं. ऐंशीच्या घरातल्या माणसाला लिफ्ट हवी असते, पावसाळ्यात अंथरूण कोरडं हवं असतं. जपणुकीचा सगळा भार त्याच्या खिशावर टाकून शहराने अभिमान मिरवायचा, हा व्यवहार त्यांनी नाकारला. हरकती आल्या, सुनावण्या झाल्या, आणि त्या काळात पालिकेने दुरुस्तीसाठी निधी उभा केला असता, तर आज मैदानाभोवतीचं आकाश वेगळं दिसलं असतं.

2018 मध्ये 2034 पर्यंतचा नवा विकास आराखडा लागू झाला. त्याखाली तीन मजल्यांच्या जागी टॉवर येतात, त्यांच्या पोटात मोटारींचे मजले असतात आणि समोरचा रस्ता ट्रस्टने आखला तेवढाच राहतो. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, निवडणूक लांबली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. नेमक्या याच काळात इमारतीमागून इमारत पाडली जात होती, आणि हा प्रश्न सभागृहात मांडायला वॉर्डाचा माणूसच नव्हता.

पुनर्विकासाची परवानगी आजही एकेका भूखंडापुरती पाहिली जाते. संपूर्ण रस्त्यावर मिळून किती माणसं वाढणार, त्यांना पाणी कुठल्या वाहिनीतून येणार आणि मैलापाणी कुठे जाणार, याचा हिशेब ट्रस्टने घरं बांधण्याआधी मांडला होता. पालिकेने तो गल्लीनिहाय मांडून वॉर्ड कार्यालयात लोकांसमोर ठेवावा आणि पुढची परवानगी त्यानंतर द्यावी.