‘वारा सरणे’ ते ‘गॅस’ : उदरवायुवाचक मराठी शब्दांचा अर्थविचार

शरीरधर्माचा स्पष्ट उच्चार टाळण्याकडे शिष्ट भाषेचा कल असतो. उदरवायूच्या बाबतीत या संकोचाचा परिणाम मराठी शब्दसंग्रहावर झाला असून तो केवळ भाषिक राहिलेला नाही.

‘पाद’ हा शब्द आज ग्राम्य गणला जातो. त्याचे कुळ मात्र प्राचीन आहे. तो संस्कृत ‘पर्द्’ धातूपासून आला. धातुपाठात या धातूचा अर्थ ‘कुत्सित ध्वनी करणे’ असा आहे. ग्रीक ‘पेर्दोमाइ’ व इंग्रजी ‘फार्ट’ हे त्याचेच सगोत्र होत. चरण या अर्थाच्या ‘पाद’शी त्याचे नाते नाही, तरीही वृत्तातील पाद शिकविताना वर्गात पिकणारा हशा प्राध्यापकांना नवा नसावा. ‘पादऱ्याला पावट्याचे निमित्त’ या म्हणीत तर आहारविषयक निरीक्षणही आहे. पावट्यासारख्या कडधान्यांतील रॅफिनोज, स्टॅकिओज या शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत. मोठ्या आतड्यातील जिवाणू त्या आंबवितात व वायू निर्माण होतो. म्हणीचा रोख अर्थात पावट्यावर नाही, सबब सांगणाऱ्यावर आहे.

आयुर्वेदाने या वायूची दिशा काटेकोरपणे नोंदविली. उदान ऊर्ध्वगामी, अपान अधोगामी. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अडवू नयेत अशा तेरा वेगांमध्ये ढेकर व अधोवायू यांची गणना स्वतंत्रपणे केली आहे. लोकभाषाही तितकीच नेमकी आहे. ढेकर वर येतो, वारा खाली सरतो. पोट फुगते, गुबारते, गुडगुडते. वायगोळा उठतो, ज्याचा वऱ्हाडी उच्चारात ‘वायगोया’ होतो. स्थान व दिशा शब्दातच सामावलेली आहे.

‘गॅस’ या शब्दात ती नाही. सतराव्या शतकात फान हेल्मोंट याने ग्रीक ‘खाओस’वरून तो घडविला. नागपूरच्या जरीपटक्यासारख्या वस्तीत, जेथे १९४७ च्या फाळणीनंतर सिंधी कुटुंबे वसली आणि मराठी, हिंदी व सिंधी शेजारी नांदतात, तेथे सर्वांना कळणारा आणि कोणालाही न लाजविणारा हा शब्द सोयीचा ठरणे स्वाभाविक आहे. परंतु ढेकर, जळजळ, पोटफुगी आणि छातीतील दाब या सर्वांना तो एकच नाव देतो. छातीतील कळ डाव्या हाताकडे वा जबड्याकडे जात असताना, घाम फुटला असतानाही ‘गॅस झाला’ म्हणून सोडा घेतला जातो आणि हृदयविकाराच्या उपचाराचा मोलाचा वेळ निघून जातो.

रुग्णालयातही हीच अडचण दिसते. उदरशस्त्रक्रियेनंतर आतड्यांची हालचाल पूर्ववत झाली का, हे जाणण्यासाठी ‘गॅस पास झाला का?’ असे विचारले जाते. ढेकर आलेला रुग्ण निःशंकपणे ‘हो’ म्हणू शकतो. ‘वारा सरला का?’ या प्रश्नाला ढेकर हे उत्तर होऊ शकत नाही.