गाडीवर चरा पडलाय? ‘पूर्ण पॅनेल मारा’ म्हणण्याआधी एकदा नख फिरवून बघा

नव्या गाडीवर पहिला चरा पडायला मुहूर्त लागत नाही. पार्किंगमध्ये शेजारच्या स्कूटरचं हँडल घासतं, सिग्नलला एखादी रिक्षा मधूनच वाट काढते, नाहीतर सोसायटीतला एखादा बालकलाकार दगडाने बोनेटवर आपलं नाव कोरून जातो. मालकाचा जीव खालीवर होतो, गाडी गॅरेजला जाते आणि तिथला पेंटर एक नजर टाकून सांगतो, “पूर्ण पॅनेल मारावं लागेल साहेब.”

कधीकधी ते खरंच मारावं लागतं. बऱ्याचदा मात्र लागत नाही. आणि गरज नसताना पॅनेल रंगवून घेतलं तर पैसे जातातच, पण त्याबरोबर कंपनीचा मूळ रंगही जातो. तो पुन्हा कुठल्याही गॅरेजमध्ये मिळत नाही.

का मिळत नाही, हे कळायला आधी रंगाचे थर बघू.

कारखान्यात गाडीचा पत्र्याचा सांगाडा आधी एका मोठ्या टाकीत अख्खा बुडवतात आणि विजेच्या साहाय्याने त्यावर पहिला थर चढवतात. याला ई-कोट म्हणतात. सांदीकोपऱ्यात, दाराच्या आतल्या बाजूलाही हा थर पोचतो आणि गंजापासून खरं संरक्षण तोच देतो. त्यावर प्रायमर, त्यावर रंग म्हणजे बेस कोट, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. गाडीला जी चमक दिसते ती या क्लिअर कोटची. उन्हापासून खालच्या रंगाला तोच वाचवतो.

आता गंमत बघा. या सगळ्या थरांची मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन असते. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे ज्या थराच्या जिवावर गाडी चमकते, तो केसापेक्षाही पातळ आहे.

हे थर कारखान्याच्या भट्टीत १४० अंशांच्या आसपास भाजले जातात. त्या वेळी गाडीत ना वायरिंग असतं, ना रबर, ना सीट. तयार गाडी एवढी तापवली तर आतलं सगळं वितळेल. म्हणून चांगल्यात चांगल्या पेंट बूथमध्येही साधारण ६० अंशांवरच रंग वाळवतात. गॅरेजचा रंग वाईट असतो असं नाही, पण तो कंपनीचा रंग नसतो.

मग चरा किती खोल आहे हे ओळखायचं कसं? जागा धुऊन कोरडी करा आणि चऱ्यावरून आडवं नख फिरवा. नख अडकलं नाही तर चरा बहुतेक क्लिअर कोटमध्येच आहे. दुसरी खूण पाण्याची. चऱ्यावर थोडं पाणी टाका. पाणी असेपर्यंत चरा गायब झाला आणि वाळल्यावर परत दिसला, तर काळजीचं कारण नाही. चऱ्याच्या खडबडीत कडांवर प्रकाश विखुरतो म्हणून तो पांढरा दिसतो. पाणी ती खाच भरून काढतं, विखुरणं थांबतं आणि डोळ्यांना चरा दिसेनासा होतो.

सोशल मीडियावर खोबरेल तेल किंवा स्प्रे मारून चरा ‘घालवणारे’ व्हिडिओ फिरतात, त्यामागेही हेच आहे. तेल पाण्यापेक्षा हळू उडतं, एवढाच फरक. दोन धुण्यांत चरा परत हजर. टूथपेस्टमध्ये बारीक घासणारे कण असतात, त्यामुळे अगदी किरकोळ रेष कमी होते हे खरं, पण ती दातांसाठी बनवली आहे आणि तिच्यासाठी ती जागा ठीक आहे.

आणखी एक प्रकार लोकांना हमखास फसवतो. पार्किंगच्या खांबाला गाडी घासली की दारावर पिवळा पट्टा उमटतो. तो अनेकदा चरा नसतोच, खांबाचा रंग आपल्या रंगावर चिकटलेला असतो. मायक्रोफायबर कापडावर थोडं रबिंग कंपाउंड घेऊन हलक्या हाताने चोळलं की बराचसा निघतो. तिथे थिनर ओतू नका, विशेषतः बंपरवर. खालचा रंगही निघून येईल.

वरवरच्या चऱ्यावर खरा उपाय म्हणजे रबिंग आणि पॉलिश. पण पॉलिशने चरा ‘भरतो’ हा गैरसमज आहे. उलट आजूबाजूचा क्लिअर कोट घासून चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणला जातो. दरवेळी काही मायक्रॉन कायमचे जातात. म्हणूनच प्रत्येक सर्व्हिसिंगला ‘रबिंग-पॉलिश पॅकेज’ गळ्यात मारलं जातं, तेव्हा नाही म्हणायला शिकावं. दाराच्या कडा आणि बोनेटच्या घड्या इथे तर थर आधीच पातळ असतो. मशीन तिथे जरा जास्त रेंगाळलं की संपलं.

नख अडकलं आणि खाली वेगळा रंग दिसला, तर चरा प्रायमरपर्यंत गेलाय. चकचकीत धातू दिसला तर थेट पत्र्यापर्यंत. इथे मात्र चालढकल नको. पावसाळ्यात, आणि कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत तर नक्कीच, उघडा पत्रा बघता बघता गंजतो. गंज चऱ्यापुरता थांबत नाही, रंगाखालून पसरतो आणि काही महिन्यांनी वर फुगे येतात. लगेच काम करून घेणं शक्य नसेल तर जागा पूर्ण कोरडी करून त्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा थर दिला तरी तात्पुरता बचाव होतो.

बारीक पण खोल चऱ्याला टच-अप पेन पुरतं. त्यासाठी गाडीचा कलर कोड लागतो. तो दाराच्या चौकटीवरच्या किंवा बोनेटखालच्या पट्टीवर असतो. गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरने काढा, जागा स्वच्छ करा, प्रायमर लावा, वाळू द्या आणि मग रंग. झाकणाला असलेला ब्रश जाड असतो, टूथपिकने काम नेटकं होतं. एकाच जाड थरापेक्षा दोन-तीन पातळ थर द्या आणि शेवटी क्लिअर. भर उन्हात किंवा पावसाळी दमट हवेत हा उद्योग करू नका, थर पांढुरका पडतो. जवळून बघितलं तर डाग दिसेलच. पण गंज थांबलेला असेल.

चरा लांब असेल किंवा पत्राही चेपला असेल, तर डेंटिंग-पेंटिंगला पर्याय नाही. गॅरेजवाल्याला दोन प्रश्न विचारा. रंग बूथमध्ये मारणार की उघड्यावर? आणि एनसी की पीयू? एनसी स्वस्त पडतो, लवकर वाळतो, पण चमकही लवकर सोडतो. पीयू हार्डनर मिसळून मारतात आणि तो जास्त टिकतो. रंग मेटॅलिक असेल तर त्यातले धातूचे कण फवारताना कसे बसतात यावर छटा बदलते. म्हणून चांगला पेंटर रंग शेजारच्या पॅनेलवर हलकेच विरवत नेतो. तो हे का करतोय हे माहीत नसेल तर मालक उगाच भांडतो.

मग क्लेम करायचा का? विमा क्लेम न करणाऱ्याला नो क्लेम बोनस मिळतो. तो ओन डॅमेज प्रीमियमवर २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के असा चढत जातो. समजा हा प्रीमियम ८,००० रुपये आहे आणि तुम्ही ५० टक्क्यांवर आहात. एका क्लेमनंतर बोनस शून्यावर येतो आणि परत ५० वर पोचेपर्यंत पाच वेळा जास्त हप्ता भरावा लागतो. प्रीमियम तेवढाच धरला तर हे नुकसान १०,००० रुपयांच्या घरात जातं. शिवाय प्रत्येक क्लेममध्ये १,००० रुपये, आणि १५०० सीसीच्या वरच्या गाडीला २,००० रुपये, स्वतःच्या खिशातून जातातच. झिरो डेप असलं तरी. एका दाराच्या चऱ्यासाठी हे गणित क्वचितच जुळतं. बोनस वाचवणारं ॲड-ऑन घेतलेलं असेल तर गोष्ट वेगळी.

चरे पडतात कुठून, हेही बघायला हवं. उन्हात गाडीवर जी कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल गोल रेषांची नक्षी दिसते, ती बहुतेक वेळा रोजच्या सफाईतूनच आलेली असते. एक बादली, एक फडकं आणि सोसायटीतल्या वीस गाड्या. धुळीत वाळूचे कण असतात आणि ते क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण असतात. कोरड्या फडक्याने पुसणं म्हणजे बारीक पॉलिश पेपर फिरवणं. गाडी पुसणाऱ्या दादांना दोष देऊन उपयोग नाही, त्यांना पाण्याचा एक नळ आणि आपल्या गाडीपुरतं वेगळं मायक्रोफायबर कापड द्या. धुळीवरच चढवलेलं कव्हरसुद्धा वाऱ्याने हलून तेच करतं.

गाडी विकायची वेळ येते तेव्हा हा हिशेब समोर येतो. जुन्या गाड्या घेणारे आता रंगाची जाडी मोजणारं छोटं मीटर घेऊनच येतात. दारावर १२० आणि मागच्या पॅनेलवर ३०० मायक्रॉन दिसले की ‘ॲक्सिडेंट झालाय का?’ हा प्रश्न आलाच आणि त्यामागून भावही पाडला जातो. चरा साधा होता, हे तेव्हा पटवून देणं अवघड जातं. त्यामुळे पॅनेल रंगवलंच असेल तर आधीचे फोटो आणि बिल जपून ठेवा. बंपरची मात्र चिंता नाही. तो प्लास्टिकचा असल्यामुळे गंजत नाही आणि पत्र्यासाठीचं हे मीटर त्यावर चालतही नाही.