हस्तिदंताचा सापळा

माणसाच्या हाडाला हात लागला की आंघोळ करायची, ही आपली जुनी रीत. आणि शरीर शिकायचं तर हाडं हाताळल्यावाचून गत्यंतर नाही. तंजावूरचे दुसरे सरफोजी महाराज या पेचातून मोठ्या झोकात सुटले. त्यांच्या संग्रहातला माणसाचा सापळा हस्तिदंताचा होता. १८०६ साली क्लॉडियस ब्यूकॅनन हा पाद्री तंजावूरला आला, तेव्हा त्याने महाराजांच्या चीजवस्तूंत हवा उपसायचा पंप, वीज निर्माण करणारं यंत्र आणि आकाश निरखायची उपकरणं यांच्या जोडीला हा सापळाही नोंदवून ठेवला. सोवळं हेच त्यामागचं कारण असावं, असा आपला माझा तर्क.

सरफोजी १७९८ मध्ये गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी कंपनीने तह करून राज्याचा कारभार स्वतःकडे घेतला. राजाला राज्य उरलं नाही, वेळ मात्र भरपूर उरला. तो त्यांनी पोथ्या, छापखाना आणि वैद्यकात घालवला. व्यंकोजीराजांपासून चालत आलेल्या या मराठी घराण्याच्या वाट्याला आलेला हा रिकामपणा आपल्याला फारच लाभला म्हणायचा.

आता त्या सापळ्याकडे बघू. कारागिराने हस्तिदंत निवडला, तो नुसता पांढरा म्हणून शोभला असं नाही. हत्तीचा सुळा म्हणजे त्याचा दात. हाड काय आणि दात काय, घडण एकाच सामानातून: कॅल्शियम-फॉस्फेटचे बारीक स्फटिक आणि त्यांना धरून ठेवणारे कोलॅजन या प्रथिनाचे धागे. स्फटिकांमुळे कणखरपणा, धाग्यांमुळे थोडी लवचीकता. म्हणजे नक्कल अगदी जवळच्या नात्यातली! फरक एवढाच की सुळ्यात एकदा बसलेला थर तिथेच राहतो, आणि हाड मात्र सतत मोडत असतं, सतत बांधलं जात असतं.

आपल्या २०६ हाडांमध्ये आत्ता, हे वाचत असताना, दोन टोळ्या कामाला लागलेल्या आहेत. एका जातीच्या पेशी आम्ल सोडून जुनं हाड विरघळवतात आणि खड्डा करतात. दुसऱ्या जातीच्या पेशी मागून येऊन तो भरतात. प्रौढ माणसाचा साधारण दहावा हिस्सा सापळा दर वर्षी असा नवा होतो. रस्ता खणणारे आणि बुजवणारे इतके शिस्तीत एकामागून एक आलेले आपल्या गल्लीत कधी दिसले नाहीत.

पण धडधाकट हाड खणायचं कशाला? एक तर बारीक तडे बुजवायला. दुसरं कारण मला जास्त थक्क करतं. शरीरात सुमारे किलोभर कॅल्शियम असतं. त्यातलं ९९ टक्के हाडादातांत; रक्तात अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. पण त्या चिमूटभरावाचून काही चालत नाही. हृदयाचा प्रत्येक ठोका कॅल्शियमवर पडतो. रक्तातलं प्रमाण घसरलं तर हातापायांना पेटके येतात, ठोक्यांची लय बिघडते. म्हणून गळ्यात, थायरॉईडच्या पाठीमागे, तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी पहारा देत बसलेल्या असतात. जरा तूट दिसली की त्या एक संप्रेरक सोडतात. मग हाड आपल्या साठ्यातलं कॅल्शियम देतं, मूत्रपिंड लघवीवाटे जाणारं अडवून धरतं, शिवाय ड जीवनसत्त्वाला कामाला जुंपतं, आणि ते आतड्याला सांगतं की जेवणातलं जास्त शोषून घे. हे जीवनसत्त्व मुळात आलं कुठून? बरंचसं उन्हात तापलेल्या कातडीतून. हृदय, हाड, मूत्रपिंड, आतडं, कातडी. पुस्तकात यांची प्रकरणं वेगवेगळी, पण हिशेबाची वही एकच.

शिवाय हाडाच्या पोकळीत रक्त तयार होतं, दर सेकंदाला वीस लाखांहून जास्त तांबड्या पेशी. हस्तिदंती सापळ्यात हे कुठून दिसणार?

महाराजांचं लक्ष मात्र दुसऱ्याच अवयवाने वेधून घेतलं. त्यांच्या धन्वंतरी महालात डोळ्यांच्या रोग्यांवर उपचार होत. आजाराची हकिगत, केलेले उपचार, सोबत डोळ्यांची चित्रं, अशी त्या रोग्यांची टिपणं सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जपलेली आहेत. महाराज स्वतः मोतीबिंदू काढत, असं तंजावूरकर सांगतात.

हा मोतीबिंदू म्हणजे हाडाच्या नेमकी उलट गोष्ट. डोळ्यातलं भिंग पारदर्शक हवं, म्हणून त्यात रक्तवाहिनी नाही. असती तर तिचीच सावली पडली असती. पुढच्या पाणीदार द्रवातून झिरपेल तेवढ्यावर त्याचं पोट. पक्व झालेल्या पेशी आपलं केंद्रकसुद्धा टाकून देतात, उजेडाच्या वाटेत काही नको म्हणून. पण केंद्रक गेलं म्हणजे दुरुस्तीचा नकाशाच गेला. नवे थर बाहेरून चढत राहतात, जुने आत दाबले जातात, आणि बाहेर काहीच टाकलं जात नाही. भिंगाच्या गाभ्यातली प्रथिनं जन्माआधीची. तीच आयुष्यभर ऊन सोसतात, हळूहळू गुठळ्या धरतात, आणि काच दुधाळ होते.

धन्वंतरी महालात मोतीबिंदूचा म्हातारा रोगी येऊन बसला, तेव्हा त्याची हाडं कितीतरी वेळा उकरून भरली गेली होती आणि रक्त तर गेल्या चार महिन्यांतलंच होतं. त्याच्या बाहुलीत जो पांढुरका ठिपका दिसत होता, त्याच्या गाभ्यातली प्रथिनं मात्र आईच्या पोटात असताना घडलेली, तेव्हापासून जागची न हललेली.