लिफ्टचा दोर चढला मागावर

लिफ्टचा दोर म्हटलं की जाडजूड, ग्रीसने माखलेला, पोलादी दोरखंड आठवतो. बऱ्याच नव्या इमारतींत तो आता नसतोच. तिथे लिफ्ट लटकते जेमतेम तीन मिलिमीटर जाडीच्या चपट्या पट्ट्यांवर. आणि हे पट्टे चक्क मागावर विणावेत, या कल्पनेवर अभियंत्यांनी पेटंटंही घेतली आहेत. पुढच्या वेळी बाराव्या मजल्यावर जाताना आठवायला काही चटपटीत गोष्टी.

आधी कुऱ्हाड
१८५४ साली न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या प्रदर्शनात एलिशा ओटिस उंच फळीवर उभा राहिला आणि त्याने वरचा दोर सगळ्यांदेखत तोडायला लावला. फळी थोडीशी घसरली आणि अडकली. त्याला दोराची नव्हे, ब्रेकची जाहिरात करायची होती. लिफ्टच्या धंद्यातला सगळ्यात यशस्वी तमाशा हाच असावा.

खाणीतून आलेला शोध
पोलादी दोराचा पूर्वज जर्मनीतल्या हार्ट्‌झच्या डोंगरात जन्मला. तिथल्या क्लाउस्टालमध्ये खाण-अधिकारी विल्हेल्म आल्बर्ट साखळ्या तुटण्याला वैतागला होता. साखळीची एक कडी गेली की सगळं खाली. त्याने १८३४ साली लोखंडी तारा पिळून दोर केला. आता एक तार तुटली तरी बाकीच्या भार धरून राहत. गंमत म्हणजे पोलाद आलं तरी वनस्पती पूर्ण हटली नाही. लिफ्टच्या पारंपरिक पोलादी दोराच्या पोटात घायपाताच्या धाग्याचा गाभा असतो. तो तेल पिऊन बसतो आणि तारांना आतून वंगण पुरवतो.

गच्चीवरची खोली कुठे गेली?
दोर वारंवार वाकला की थकतो. म्हणून जुना नियम असा, की कप्पीचा व्यास दोराच्या किमान चाळीसपट हवा. दोर १३ मिलिमीटरचा, तर कप्पी ५२० मिलिमीटरची. एवढी कप्पी फिरवायची तर तशीच दांडगी मोटर आणि तिच्यासाठी गच्चीवर खोली. २००० साली ओटिस कंपनीने ‘जेन टू’ लिफ्टमध्ये दोन मिलिमीटरहून बारीक पोलादी दोऱ्या शेजारी-शेजारी ठेवून त्यांवर पॉलियुरेथेनचं आवरण चढवलं. बारीक दोरी लहान कप्पीवर सुखाने वाकते. कप्पी आली शंभरेक मिलिमीटरवर, मोटर आक्रसली आणि शाफ्टमध्येच मावली. खोलीशिवाय लिफ्ट मात्र कोने या फिनलंडच्या कंपनीने १९९६ मध्येच आणली होती, तीही दोरावर. श्रेय वाटताना हे विसरायला नको.

आता मागाकडे
प्लास्टिकच्या आवरणाच्या कुरबुरी असतात. ते कुरकुरतं, कालांतराने तडकू शकतं आणि आगीत मऊ पडतं. शिवाय पट्टा ओतताना आतल्या दोऱ्या नेमक्या अंतरावर धरून ठेवणं हीच एक डोकेदुखी. त्यावर सुचलेला उपाय खाटेच्या नवारीच्या कुळातला आहे. भार पेलणाऱ्या दोऱ्या ताण्यात लावायच्या, आडवा बाणा घालून त्यांना जागच्या जागी बांधायचं आणि वरून पातळ लेप द्यायचा. पकड कापडाच्या पोताने मिळते, दोऱ्या सरकत नाहीत आणि आवाजही कमी.

खरी मेख पुढे आहे. विणकामात उभा धागा बाण्याच्या वर-खाली नागमोडी जातो. साडीला ते चालतं, लिफ्टला नाही. नागमोडी धाग्यावर भार आला की तो आधी सरळ होतो, म्हणजे लांबतो. चौघं आत शिरली की लिफ्ट खचणार आणि उंबरठ्याला पायरी पडणार. युरोपीय मानकाप्रमाणे लिफ्ट मजल्याशी दहा मिलिमीटरच्या आत जुळून थांबायला हवी. म्हणून भारवाही दोऱ्या ताठ सरळ ठेवतात आणि वळणं घेण्याचं काम बारीक साहाय्यक धाग्यांवर सोपवतात. काठही सांभाळावा लागतो. तो कप्पीच्या कडेला घासून उसवला तर सगळी वीण धोक्यात.

पकड जास्त झाली तरी पंचाईत
कप्पीवर दोर किती घट्ट बसतो याचं गणित अठराव्या शतकात ऑयलरने मांडलं. सपाट कप्पीला अर्धा वेढा आणि घर्षणांक ०.३ असेल, तर एका बाजूचा ताण दुसऱ्या बाजूच्या साधारण २.६ पट होईपर्यंत दोर घसरत नाही. घर्षणांक दुप्पट केला की हा आकडाही दुप्पट व्हावा असं वाटतं, पण त्याचा वर्ग होतो: ६.६! मग हवी तेवढी पकड वाढवा की? नाही. दोराच्या दुसऱ्या टोकाला समतोलासाठी असलेलं वजन, म्हणजे काउंटरवेट, तळाशी टेकल्यावरही मोटर फिरत राहिली, तर रिकामी लिफ्ट वर खेचली जाता कामा नये, तिथे दोर घसरलाच पाहिजे. विणीचा पोत, उघडा धागा किती ठेवायचा, लेप कुठे द्यायचा, हे सगळं म्हणूनच. माझ्या मते या पट्ट्यातली सगळ्यात हुशार गोष्ट हीच: नेमकं किती घसरायचं, हे आधी ठरवलेलं असतं.

पट्टा चढाकडे धावतो
सपाट पट्टा कप्पीवरून घसरून पडू नये म्हणून कप्पी मधोमध किंचित फुगीर करतात. वाटतं, उंचवट्यावरून तो बाजूला सटकेल. होतं उलटं, पट्टा आपणहून उंच भागाकडे सरकतो आणि मध्यावर टिकतो.

ढगाळ रसायन
पोलादाला पर्याय म्हणून ज्या धाग्यांकडे पाहिलं जातं त्यांत अरामिड आहे. स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ साली ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत केव्हलर हे अरामिड शोधलं. त्यांचं द्रावण इतकं पातळ आणि गढूळ होतं की यंत्र तुंबेल या भीतीने धागा काढून द्यायला सहकारी तयार होईना. त्यांनी त्याला पटवलं. निघालेला धागा वजनाच्या हिशोबात पोलादाच्या पाचपट बळकट ठरला. वर तो वितळत नाही, फार तापला तर करपतो.

स्वतःच्याच वजनाने बेजार
१३ मिलिमीटरचा पोलादी दोर मीटरला सुमारे ६०० ग्रॅम भरतो. पाचशे मीटरचे आठ दोर म्हणजे २,४०० किलो, तेही एकही माणूस आत शिरण्याआधी. म्हणून कोनेने २०१३ साली कार्बन तंतूंचा चपटा ‘अल्ट्रारोप’ आणला. त्याची चाचणी उंच मनोऱ्यात न करता फिनलंडमधल्या लोह्या गावी, चुनखडीच्या टिट्युरी खाणीत केली. वर चढायचा सराव जमिनीखाली! जेद्दाच्या नियोजित किलोमीटरभर उंच मनोऱ्यात हाच दोर लिफ्टला एका दमात ६६० मीटर नेणार आहे.

आतलं दिसणार कसं?
उघड्या दोराच्या तुटक्या तारा मेकॅनिकला डोळ्यांनी मोजता येतात. आवरणाखालच्या दोऱ्यांचं काय? त्यांतून वीज सोडतात. पोलादी दोरी झिजली की विद्युतरोध वाढतो आणि यंत्र बोंब मारतं. अरामिडमधून वीज वाहत नाही, म्हणून त्यात इशारा देणारे कार्बनचे धागे मिसळता येतात.

आणि एक अगदी कामाचं. तुमच्या सोसायटीत पट्ट्याची लिफ्ट असेल आणि कुणी उत्साही सभासद ‘आवाज येतोय, जरा ग्रीस मारा’ म्हणाला, तर त्याला तिथेच थांबवा. पोलादी दोराला वंगण लागतं, पट्ट्याला ते लावलं की पकड जाते.